दोन डीओ, एक जागा

४ ऑगस्ट, सोम.
डर्मचं, म्हणजे त्वचारोगाचं, रोटेशन सुरू. चार आठवडे काम कमी, मुलाखतच जास्त, पुढे इथे रेसिडेन्सीची जागा हवी ना. आम्ही पाच विद्यार्थी, तिघं एमडी कॉलेजांतले, दोघं डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथीच्या वाटेने डॉक्टर होणारे: मी आणि तेजस, एकाच कॉलेजचे. सिनियर रेसिडेंटने सगळ्यांना कॉलेजचं नाव विचारलं. त्या तिघांना पुढे विचारलं, रिसर्च काय केलाय. आम्हाला फक्त "ओह, कूल."

लंचला तोच मान चोळत आला. "तुम्ही लोक हाडं मोकळी करता ना? माझी मान बघ जरा." तेजसने बघितली. खांदे दाबून दिले, वर दोन जोक मारले. बाहेर आल्यावर मला म्हणतो, "टिप द्यायला विसरला ना यार." हसलो दोघं. मग जास्तच राग आला. त्याच्यावर की तेजसवर, माहीत नाही.

(रूममेटला वाचता येत नाही म्हणून मराठीत. नाशिकच्या सातवीपर्यंतचं मराठी आहे, चुका असणारच.)

१० ऑगस्ट, रवि.
शॉमबर्गला आईबाबांच्या घरी. सुनंदाकाकू आल्या होत्या. "डीओ म्हणजे डोळ्यांचं का गं?" आई म्हणाली, "नाही हो, डॉक्टरच. स्किनची होणारे." काकू म्हणाल्या, "मग एमडीला नंबर नाही लागला?"
नाही लागला, काकू. दोन वर्षं अर्ज केले, दोन्ही वेळा नाही. आता तीच औषधं, तेच आजार, एमडीवाल्यांची परीक्षा अधिक आमची परीक्षा. बसले दोन्हीला. तरी "कूल".
हे सगळं मनात. तोंडाने म्हटलं, "चहा घेणार ना?"

१९ ऑगस्ट, मंगळ.
आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.
सत्तरीची एक ब्लॅक आजी, हाताच्या एक्झिमासाठी आलेली. आधी मी बघितलं. हात बघितले, लिहिलं, बाहेर आले. मग डॉ. के.नी तेजसला आत पाठवलं. (डॉ. के. म्हणजे इथल्या प्रोग्रॅमच्या प्रमुख. कोणाला मुलाखतीला बोलवायचं ते त्या ठरवतात.) तेजस गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "मॅम, मोजे काढू का?" डाव्या तळपायाला काळा डाग, कडा वेड्यावाकड्या. आजी म्हणाली, "तो तर जुनाच आहे, बेटा." तिथल्या तिथे बायॉप्सी.
डॉ. के. सगळ्यांसमोर म्हणाल्या, "लोक हात दाखवायला येतात, आपण माणूस बघायचा असतो." मग माझ्याकडे बघितलं. बघितलं असं मला वाटलं.
संध्याकाळी डेव्हनला, देशी दुकानांच्या रस्त्यावर गेलो. तेजसला भेळ खायची होती. पार्किंग शोधण्यात अर्धा तास. त्याने त्या डागाचा विषयच काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं, चिडता तरी आलं असतं.

२२ ऑगस्ट, शुक्र.
बायॉप्सी आली. मेलानोमा, त्वचेचा कॅन्सर, लवकर सापडलेला. आजीचा पाय वाचणार. रेसिडेंट आज तेजसला नावाने हाक मारत होता.
रेसिडेंटकडूनच कळलं: मुलाखतीला दर वर्षी एखादाच डीओ बोलावतात. "कधीकधी तोही नाही."

२८ ऑगस्ट, गुरू.
डॉ. के.नी केबिनमध्ये बोलावलं. माझं कौतुक केलं. मेहनती, नोट्स छान वगैरे. मग, "तेजसला तू चांगली ओळखतेस ना? त्याच्या रेकॉर्डमध्ये दुसऱ्या वर्षी चार महिन्यांची रजा दिसते. मी काळजी करण्यासारखं काही आहे का?"

मला माहीत आहे काय होतं. कॉलेजात मला एकटीलाच. त्याचे बाबा गेल्यावर तो आठ-आठ दिवस खोलीबाहेर यायचा नाही. मी डबा घेऊन जायचे, दाराबाहेर ठेवायचे. डिप्रेशन. औषधं घेतली, काउन्सेलिंग घेतलं, परत आला, परीक्षेत माझ्या पुढे.

"नाही" म्हणायचं होतं, एवढंच. किंवा "त्यालाच विचारा."
मी थांबले. तीन-चार सेकंद तरी. मग म्हणाले, "तो आता पुष्कळ बरा आहे."
त्यांनी मान हलवली. "थँक यू. हे इथेच राहील."

वाक्यात खोटं काही नाही. शंभर वेळा तपासलं. एक शब्द खोटा नाही.

२१ सप्टें., रवि.
रेसिडेन्सीच्या अर्जाचा निबंध पूर्ण. डर्म का, तर आईचं कोड. नाशिकला असताना लग्नाकार्यात ती पूर्ण बाह्यांचा ब्लाउज घालायची, मे महिन्यातसुद्धा. सगळं लिहिलं, चांगलं उतरलंय. आईला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "छान लिहिलंयस." नंतर, बऱ्याच वेळाने, "मला एकदा विचारायचं तरी."
"काढून टाकू का?"
"नको. तुझा नंबर लागणार असेल तर राहू दे."
राहू दिलं.

१२ नोव्हें., बुध.
डॉ. के.च्या प्रोग्रॅमकडून मेल. मुलाखत!! क्लिनिकच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.
तेजसला आला नाही. त्यानेच फोन केला. "अगं, अभिनंदन! पार्टी कुठे देऊन राहिली?" आवाज अगदी नॉर्मल. मग म्हणाला, "मला वाटलं होतं, त्या आजीमुळे निदान..."
मी म्हटलं, "त्यांना काय कळतंय." हे मी म्हटलं. मी.

९ डिसें., मंगळ.
मुलाखत झाली, घरूनच, व्हिडिओवर. वर ब्लेझर, खाली पायजमा, बाबांना बजावून ठेवलं की मिक्सर लावू नका. डॉ. के. हसऱ्या. आईबद्दलच विचारत राहिल्या. उत्तरं सफाईने दिली, दोनदा आवाजही योग्य जागी भरून आला. तेजसच्या रजेला एक वाक्य, आईच्या कातडीला एक पान. माझी गुणवत्ता ही.
आता जास्त नको लिहायला.

१ मार्च, रवि.
पसंतीची यादी भरायचे शेवटचे दिवस. आपली यादी आणि प्रोग्रॅमची यादी कॉम्प्युटर जुळवतो, जुळलं की मॅच. माझी: वर डर्म, डॉ. के. पहिल्या, खाली इंटर्नल मेडिसिन, लागलंच नाही तर म्हणून. तेजसकडे डर्मची एकच मुलाखत, टेक्सासची. दुसरं काही भरलेलंच नाही. किती समजावलं. म्हणतो, "बॅकअप टाकला की मीच मला कमी समजून राहिलो असं होतं." मी चिडले. "वेडेपणा आहे हा." तो म्हणाला, "तू तरी लाग. दोघांपैकी एक तरी."

१६ मार्च, सोम.
सकाळचा मेल. मॅच झालं. कुठे, ते शुक्रवारी. डर्म की इंटर्नल, काही सांगत नाहीत. आई देवासमोर, बाबा नाशिकला फोनवर.
तेजसचं नाही झालं.
दुपारी त्याच्या अपार्टमेंटवर गेले. आता उरलेल्या जागांसाठी घाईचे अर्ज, गुरुवारपर्यंत काय ते कळणार. फॅमिली मेडिसिनसाठी नवा निबंध लिहायचा होता. तो सांगत होता, मी टाइप करत होते. त्याने रजेबद्दल स्वतःच सगळं सांगितलं. बाबा, खोली, औषधं, नावासकट. मी विचारलं, "हे नक्की लिहायचं?" म्हणाला, "हो. लपवण्यासारखं काय आहे?"
मग, लॅपटॉपकडे बघतच: "एक विचारू? डॉ. के. तुला माझ्याबद्दल काही बोलल्या होत्या का गं? म्हणजे माझं नक्की काय चुकलं ते कळलं असतं."
"नाही," मी म्हटलं.
लगेच. इथे तीन सेकंदही लागले नाहीत.

१७ मार्च, मंगळ.
आज काहीही केलं नाही. अभिनंदनाचे मेसेज. सुनंदाकाकूंचासुद्धा, पेढ्याचं चित्र.

१९ मार्च, गुरू.
दुपारी तेजसचा मेसेज: जागा मिळाली. फॅमिली मेडिसिन, नॉर्थ डकोटातलं छोटंसं गाव. "थंडीत स्किन कोणाची दिसणारच नाही, बरंच झालं."
साडेचारला त्याच्याकडे गेले. खाली बोलावलं, गाडीत बसवलं आणि सांगितलं. केबिन, प्रश्न, मी थांबले ते, वाक्य. शब्द न् शब्द. रडायचं नाही असं ठरवलं होतं, नाही रडले.

तो समोरच्या काचेकडे बघत होता. मग म्हणाला, "त्यांना माहीत होतं."
"काय?"
"मीच सांगितलं होतं. रोटेशनच्या दुसऱ्या आठवड्यात. रेकॉर्डवर दिसणारच, मग आपणच सांगावं म्हटलं. छान ऐकून घेतलं त्यांनी."
म्हणजे डॉ. के.ना सगळं ठाऊक असताना त्यांनी मला विचारलं. पडताळून बघायला? की मला बघायला? आणि त्याला बोलावलं नाही ते त्याच्या सांगण्यामुळे, माझ्या वाक्यामुळे, की नुसता एक डीओ जास्त होत होता म्हणून? हे आता कोणीच सांगणार नाही. क्षणभर, खरं लिहिते, सुटल्यासारखं वाटलं. तोंडावर दिसलं असणार.

कारण तो माझ्याकडे वळला. पहिल्यांदाच.
"ऑगस्टचं जाऊ दे. तिथे मीही काय बोललो असतो, कोणास ठाऊक. पण सोमवारी मी तुला विचारलं. माझ्या घरात बसून. आणि तू नाही म्हणालीस."
"तेजस, मला..."
"डब्यांचं विसरलो नाही मी. म्हणून तर तुलाच विचारलं."
बेल्ट काढला. दार उघडलं. वाकून म्हणाला, "उद्या लागेल तुझं. डर्मच लागेल." आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. तेच सहन होत नाहीये.

गेला वर. मी अजून पार्किंगमध्ये, वही स्टिअरिंगवर. आईचा दुसऱ्यांदा फोन, उद्या निकालाच्या कार्यक्रमाला सकाळी किती वाजता निघायचं. उचलला नाही.
वर जाऊन बेल वाजवावी म्हटलं, तर आता त्याची कोण म्हणून वाजवू?