जांभळीखालचा जागेवाला

४ फेब्रुवारी १९५९, बुधवार
आज ओव्हरसियरसाहेबांनी साखळी टाकून पोलादपूर बाजारातला रस्ता मोजला. कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांसाठी रुंद करणार. कडेला फूटपाथसुद्धा! उत्तम. मी नेहमीच सुधारणेच्या बाजूचा. मग त्यांच्या माणसाने स्टँडाजवळच्या जांभळीवर डांबराची फुली मारली. म्हणजे तोडणार. आठ वर्षे त्या जांभळीखाली बसून मी मुंबईचा पेपर मोठ्याने वाचतो. एस.टी.ची वाट बघणारी वीस-पंचवीस माणसे ऐकतात. घरात माझे कोण ऐकते?
निश्चय: उद्या साहेबांना खडसावायचे.

५ फेब्रुवारी
गेलो. खडसावणारच होतो, पण त्यांनीच आधी विचारले, "काय काम आहे, आजोबा?" म्हटले, काही नाही, चहा घेता का? घेतला. साहेबांचा आवाज जरा सरकारी आहे, ऐकताच टोपी हातात आली. भीती नव्हे, रीत. जांभळीचे त्यांनी आपणहून सांगितले: रस्त्यात येणारे झाड जाणार, इलाज नाही. मी मान डोलावली. ती नाइलाजाने.

७ फेब्रुवारी, भर दुपारी
अक्कल चालवली. देवाच्या झाडाला कुऱ्हाड कोण लावेल? नदीवर दगड बघायला गेलो, पण मनासारखा एक मिळेल तर शपथ. शेवटी घरातलाच वरवंटा उचलला. तेल, शेंदूर. बाजार जेवून आडवा झाला होता तेव्हा जांभळीच्या मुळांत उभा केला. घाईत निम्मा शेंदूर धोतराला. सरकारी रस्त्यावर देव मांडला तर किती महिने तुरुंगात बसवतात? कोणाला विचारायचीही सोय नाही.
हिने वरवंट्याची चौकशी केली. पाथरवटाकडे टाकी लावायला दिलाय, म्हटले.

८ फेब्रुवारी, सकाळी
प्लॅन पास. साळूबाई भाजीवाली टोपली टाकून ओरडली, "अगो बाय, देव वर आला गो!" गोमाजी गुरव धावत आला. त्याने दगड ओला करून दोन्ही अंगांना तांदूळ चिकटवले नि कौल लावला. उजवीकडचे आधी गळाले म्हणजे देव 'होय' म्हणतो. उजवेच गळाले. "जागेवाला हाय ह्यो. ह्या जागेचा राखणदार. पिढ्यान्‌पिढ्या हितंच व्हता." सर्वांत मोठ्याने "होय होय" मीच म्हणालो.

१२ फेब्रुवारी
मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या. साहेब लालबुंद. "कोणाचा हा चावटपणा?" नेमके माझ्याकडे बघितले. धोतराचा शेंदूर अजून निघालेला नाही. घरी येऊन कडी घालून बसलो. विश्रांतीसाठी.

१५ फेब्रुवारी
गोमाजीने पुन्हा कौल लावला. डावे तांदूळ गळाले. "रागावलाय. कुणीतरी त्याच्याशी खोटं वागलंय." संध्याकाळपासून माझी दाढ ठणकते आहे. गाय दूध चोरते आहे. योगायोग. चौथीची बुके घरच्या घरी वाचलेला माणूस मी, असल्या गोष्टी मानत नाही. तरी कोणी नाहीसे बघून नारळ ठेवला. म्हटले, तू वरवंटा आहेस हे आपल्या दोघांतच राहू दे. तो काही बोलला नाही. तेच वाईट.

१९ फेब्रुवारी
ही दर्शनाला गेली ती तोंड फुगवून परत. "अवो, त्या देवाचं टोक फुटल्यालं हाय. दिवाळीत माज्याच हातनं फुटलं व्हतं." म्हटले, हळूच परत आणतो.
"देव झाल्यावर? नि त्याच्यानं मिरच्या वाटू? तुमची मती गेली असंल, माजी नाय." आणि मूठभर तांदूळ घेऊन पुन्हा नमस्काराला गेली!

२१ फेब्रुवारी
दाढ सुजली. शेवटी गोमाजीला सगळे खरे सांगून टाकले. (साहेबांना नंतर सांगेन. घाई नाही.) तर तो हसला. "महिपती आबा, तुमच्या हातनं मांडून घेतलं त्यानं. नायतर नदीत दगडांना काय तोटा हाय? वरवंटाच का घ्यावासा वाटला?" मी दाढ चोळत राहिलो. "आता मातुर चुकवू नका हां. रोजचा दिवा तुमच्याकडं." पाय गार पडले. थंडीचेच दिवस आहेत म्हणा.

३ मार्च, मंगळवार
वरून ऑर्डर आली! रस्ता समोरच्या अंगाला सरकणार. फूटपाथ जांभळीला वळसा घालून जाणार. साहेब म्हणाले, "मजूर हात लावेनात, रस्ता तर हवा. निघाला मार्ग. तुमचा देव भारी आहे, आजोबा." मी नुसता हसलो. एकट्याने सरकार वाकवले! दाढेची सूजही उतरली. जांभळीभोवती लोक ओटा बांधताहेत, तो झाला की पेपर पहिल्यासारखा सुरू. आता पन्नास माणसे बसतील.

२२ मार्च, रविवार
ओटा झाला. कठडा, घंटा, सगळे. पेपर घेऊन बसलो. साळूबाई कडाडली, "आबा, देवाकडं पाठ करून बसतात व्हय?" वळून बसलो नि पहिली बातमी सुरू केली. "आता त्याच्या तोंडावर खून-दरोडं वाचतोय म्हातारा! उठा, चपला पण वरच घालून आलात!" गोमाजीने घंटा बडवली, माझा आवाज मलाच ऐकू येईना. गाडी आली. उतरणारे, चढणारे मला वळसा घालून हात जोडत होते. मीही जोडले. भीती वाटली म्हणून.
पेपर घरी आणून मोठ्याने वाचला. दुसऱ्या पानाला ही घोरू लागली. उरलेला मनात वाचला.