न विचारता कापलेली चार मिनिटं

प्रिय रशीदभाई,

काल नांदेडहून व्यंकट आला होता. आपला अल्बम ज्याच्या स्टुडिओत रेकॉर्ड झाला, तोच. स्टुडिओ बंद करतोय म्हणे. आवरताना आपली मूळ टेप सापडली, तर ती पेन ड्राइव्हवर उतरवून घेऊन आला. म्हणून आज लिहायला बसलोय. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली, आणि तुमच्या तोंडावर जे इतकी वर्षं बोलता आलं नाही ते आता कागदावर बोलतोय. तुमच्या धूनमधली ती चार मिनिटं व्यंकटनं कापली नव्हती. ती मी कापायला लावली होती.

घड्याळं दुरुस्त करणारा माणूस लातुरात बसून रॉक वाजवतो, याचं लोकांना काय हसू यायचं! अर्थात, ऐकेपर्यंत. पहिला अँप्लिफायर तुम्ही जुन्या रेडिओंच्या सामानातून बनवला होता. वसंता बेसवर, मी ड्रमवर आणि मध्ये तुम्ही गिटार घेऊन, डोळे मिटून. एक-दोन-तीन-चार आपण कधी मोजलंच नाही. तुम्ही नाकानं जोरात श्वास घ्यायचात, की आम्ही दोघं तुमच्यासोबत सुरू! बाहेरचा कुणी ड्रमवर बसला की हमखास चुकायचा. त्याला कुठं माहीत असायचं, तुमच्या नाकाकडे लक्ष ठेवायचं असतं ते!

मग भूकंप झाला. तुम्ही बँडचे स्पीकर, माइक सगळं टेम्पोत घालून औशाकडच्या छावणीत नेलंत. वाजवायला नाही, हरवलेल्यांची नावं पुकारायला. पण बायका तुमच्या हातातून माइक घ्यायच्या आणि आपल्या माणसाला आपणच हाक मारायच्या. नाव संपताना आवाज वर चढायचा आणि तिथंच थांबायचा. त्यानंतर कित्येक महिने तुम्ही गिटारला हात लावला नाहीत.

आणि एका दुपारी तुम्ही तारेवर तीच हाक काढलीत. शब्द नाही, काही नाही. असं कसं सुचलं हो तुम्हाला? भूकंपाची धून म्हटल्यावर मी आपला दणादणा वाजवायला तयार होऊन बसलो होतो. तुम्ही हातानं थांबवलंत.

"न्हाई मास्तर. निम्म्यापर्यंत तू वाजवायचंच न्हाई. नुस्तं ऐकायचं."

मला रागच आला होता! आठ मिनिटांची धून, आणि त्यातली पहिली चार ड्रमवाल्यानं गप्प बसायचं?

नांदेडला व्यंकटनं आपल्याला हेडफोन दिले. मशीनचा ठोका कानात घेऊन वाजवा, म्हणाला, आजकाल सगळे तसंच करतात. तुम्ही हसून हेडफोन काढून ठेवलात. "बाबा, आमी एकमेकाकडं बघून वाजवतो. तू तुझी टेप चालू कर." लाईट जायला तासभर होता. तुम्ही श्वास घेतलात आणि एका दमात आठ मिनिटं वाजवलंत. काचेपलीकडे व्यंकट हात जोडून उभा होता, वसंता बेस गळ्यात तसाच ठेवून रडत होता. मी आयुष्यात पुष्कळ संगीत ऐकलं, रशीदभाई. पण माणूस इतका मोठा होताना समोर बसून पाहिला तो त्या दिवशीच.

मग मी असं का केलं?

तुम्ही भाचीच्या लग्नासाठी त्याच संध्याकाळी लातूरला निघालात आणि पुढचं काम माझ्यावर सोपवलंत. तेव्हा मी क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होतो. गावोगावची पोरं लातुरात येऊन राहत होती, गल्लीगल्लीत क्लास निघाले होते. आपली सरावाची खोलीसुद्धा एका क्लासनंच घेतली. नांदेडला यायच्या आधी मी पोरांना याच धूनची सरावातली टेप ऐकवली होती, तर म्हणाली, "सर, ह्याला ठेकाच न्हाई की!" मी घाबरलो. आपला पहिला अल्बम, पन्नाशीला आलेले आपण, आणि कुणी ऐकलंच नाही तर? मी व्यंकटला म्हणालो, सुरुवातीचं कापून टाक, उरलेल्याला मशीनचा ठेका लाव, श्वासाचा आवाज पुसून टाक.

"रशीदभाईला इचारलं का?"

"हाव, विचारलंय."

इतक्या सहज बोललो मी!

कॅसेट आली तेव्हा तुम्ही दुकानात बसून ती ऐकलीत. डोळ्याला भिंग तसंच लावलेलं. संपल्यावर म्हणालात, "साफ आलंय." बस. मी म्हणालो, व्यंकटनं बिघडवलं सगळं. तुम्ही मान हलवलीत. ती धून पुन्हा कधी वाजवली नाहीत, ना कार्यक्रमात, ना घरी. आणि व्यंकटच्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाहीत. दोन शिव्या घातल्या असत्यात तर काय बिघडलं असतं? मी तिथंच कबूल केलं असतं. की तुम्हाला सगळं कळलं होतं?

आणि ज्यांच्यासाठी हे केलं ती पोरं! एकानं आपल्या अल्बमच्या कॅसेटवर माझंच प्रकाशाच्या अपवर्तनाचं लेक्चर टेप करून घेतलं. परीक्षेत त्याला चांगले मार्क पडले, हीच काय ती आपल्या अल्बमची कमाई.

काल व्यंकटला विचारलं, इतकी वर्षं माझं नाव का नाही घेतलंस? म्हणाला, "तुमी दोघं एका बँडचे, मास्तर. मी मधी कशाला पडू?" मला त्याच्याकडे बघवेना.

तो गेल्यावर आठही मिनिटं ऐकली. मी गप्प असतो ती चार मिनिटं इतकी भरलेली आहेत, हे मला तेव्हा कळलंच नव्हतं. हात काठ्यांकडे गेला नाही. तुम्ही सांगितलं होतंत तसं नुसतं ऐकलं.

शुक्रवारी तुमच्या घरी, भाभींकडे जाणार आहे. वसंताला आणि व्यंकटलाही बोलावलंय. टेप लावायच्या आधी, नांदेडला मी काय केलं आणि त्याचा दोष कुणावर ढकलला, ते तिघांसमोर सांगेन. भाभी ऊठ म्हणाल्या तर उठून येईन, टेप त्यांच्यापाशी ठेवून. पण शब्द देतो, रशीदभाई, या वेळी काही कापणार नाही. माझं खोटंसुद्धा नाही.

तुमचा ड्रमवाला,
दिगंबर मास्तर