माळेगावच्या पुढची वीस मिनिटं

नांदेड,
१९ नोव्हेंबर २०२५

प्रिय आलोकदादा,

नमस्कार. वहिनीचा गुडघा आता कसा आहे? उगाच जिने चढउतर करू नको म्हणावं. मी बरी आहे. कॉलेजातले सहामाहीचे पेपर तपासून झाले. बाबांच्या पेन्शनचे कागद कारकुनाने दोनदा परत पाठवले, दोन्ही वेळा मी त्याच्याशी भांडले आणि दोन्ही वेळा जिंकले. तुला माझी सवय आहेच.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. म्हणजे थोडा घाबर. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मीही बोलते, आणि सांगायचं ते राहून जातं.

तू केलेल्या तक्रारीची प्रत मिळाली. सोमवारी अकरा वाजता चौकशीत माझा जबाब आहे. तू लिहिलंयस की हवालदार मल्लिनाथ यांनी आजारी वडिलांना नेणारी गाडी वीस मिनिटं अडवली, पैशाची मागणी केली, आणि त्या उशिरापायी वडील गेले. वकिलाची भाषा ती, ठाम. वाचताना क्षणभर मलाही खरं वाटलं.

गाडी तू मला दिलीस त्याला चार वर्षं झाली, पण कागद अजून तुझ्याच नावावर. आपल्याकडे असंच चालतं. म्हणून चलानचा मेसेज लातुरात तुझ्या मोबाइलवर आला, १० वाजून ३८ मिनिटांनी. माझा फोन आला अहमदपूरच्या दवाखान्यातून, ११.२५ला. माळेगावपासून तिथवर रस्ता अर्ध्या तासाचाही नाही. तू विचारलंस, "अडवलं का गं?" मी म्हटलं, "हो." मग म्हणालास, "पैसे मागितले असतील." मी म्हटलं, "त्यांचं तुला माहीत नाही का." एवढंच बोलले मी, आणि बाबांना झाकून ठेवलेल्या खोलीच्या दारात उभी होते. तेव्हा ते चालून गेलं. नंतर महिनाभर मात्र मी ते चालू दिलं.

त्या दिवशीचा रस्ता आठवला तरी माझं डोकं फिरतं. एका किलोमीटरमध्ये ऐंशी, मग चाळीस, मग साठ. गतिरोधकावर पट्टे नाहीत. उसाचे ट्रॅक्टर मागे लाल दिवा न लावता चालतात, जीपा उलट्या बाजूने अंगावर येतात, त्यांना कोणी विचारत नाही. आणि एखाद्याने कशाला तरी घाई केली की झाडाखाली उभी असलेली पोलिसांची पांढरी गाडी त्याचाच फोटो काढते. बाबांना सकाळपासून छातीत जड वाटत होतं. "ॲसिडिटी आहे, पण आलोकच्या डॉक्टरला दाखवून टाकू, लातूरलाच चल," म्हणाले. नांदेडातले चार दवाखाने ओलांडून मी निघाले. माळेगाव सोडल्यावर मी एक्क्याण्णववर होते. तिथे मर्यादा साठची.

दादा, मला कोणी अडवलं नाही.

त्यांनी हातसुद्धा केला नव्हता. ती गाडी कोणाला थांबवत नाही, यंत्र फोटो काढतं आणि मेसेज जातो, बस. मला कॅमेरा दिसला, मर्यादेचा बोर्ड तिथे कुठेच दिसला नव्हता, आणि माझं टाळकं सरकलं. मी गाडी बाजूला घेतली. बाबांना म्हटलं, "दोन मिनिटं." आणि तरातरा मागे चालत गेले.

बोर्ड होता. त्याच्यावर कुठल्याशा भाऊंच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधला होता, साठचा आकडा पूर्ण झाकून. मी हवालदाराला तिथपर्यंत ओढत नेलं. "हे बघा! दिसतो का बोर्ड?"

"बरोबर हाय ताई तुमचं," मल्लिनाथ म्हणाले. देगलूरकडचे असावेत, पन्नाशी उलटलेले. "म्या काढायला लावतो. पण चलान मशिनीनं गेलं, माझ्या हातात काई न्हाई. तुम्ही तक्रार टाका, रद्द व्हतंय."

तिथे विषय संपला होता. मी संपवला नाही. बाबांचंच वाक्य माझ्या तोंडात आलं, बिलोलीच्या भूमी अभिलेख कार्यालयात तीस वर्षं त्यांनी जे प्रत्येकाला ऐकवलं ते: "लेखी द्या." आपल्या घरात कोणी बरोबर असून गप्प बसलेलं मी पाहिलेलं नाही. तूही नाहीस, म्हणून ही तक्रार.

ते माझ्याबरोबर गाडीपर्यंत आले, बाबांकडे वाकून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, बाबांचा रंग बरा दिसंना मला. घाम लई आलाय. तुम्ही निघा, अहमदपूरला दाखवा आधी. कागदाचं नंतर बघू."

मला वाटलं, टाळतायत. मी म्हटलं, "आधी सही."

मग त्यांनी त्यांच्या गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला आणि मी सांगत गेले तसं लिहिलं. 'फलक झाकलेला असल्याने वेगमर्यादा दिसत नाही.' मी दोन शब्द बदलायला लावले. दादा, दोन शब्द! त्यांनी सही केली आणि सरकारी सवयीने खाली वेळ टाकली, १०.५९. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे. झेरॉक्स सोबत जोडलीय, मूळ प्रत सोमवारी साहेबांपुढे ठेवणार आहे.

काल त्यांची बायको आली होती, जगदेवी नाव. पत्ता कुठून काढला कोण जाणे. मला वाटलं रडेल, शिव्या देईल. पाणी प्यायली आणि म्हणाली, "हे घरी कायबी बोलंनात ताई. नुसते भिंतीकडं बघून राहिलेत. म्हणतेत, म्हातारा डोळ्यापुढून जाईना. तुम्ही तिथं व्हता. पैसं मागितले का त्येंनी? तेवढं सांगा, मी जाते." निलंबन झालंय, निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय. मी "नाही" म्हटलं. तिने हात जोडले. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

डॉक्टर तुला म्हणाले होते, वीस मिनिटं आधी आणलं असतं तर वाचले असते की नाही, सांगता येत नाही. त्या 'सांगता येत नाही'चा अर्थ तू एका माणसावर टाकलास. तो माझ्यावर टाक. तू बोलणं सोडशील अशी मला भीती वाटते, म्हणूनच महिना घालवला. पण चौकशीतला माझा जबाब तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्या अक्षरात कळावा.

जबाबात एक गोष्ट येणार नाही, कारण ती कोणी विचारणार नाही. मल्लिनाथ लिहीत होते तेव्हा आमच्या गाडीचा हॉर्न वाजला. बाबा, जे जन्मभर हॉर्न वाजवणाऱ्यांना दरिद्री म्हणत आले, त्यांनी शेजारच्या सीटवरून हात लांब करून वाजवला असणार. एकदा, मग थोड्या वेळाने पुन्हा. मल्लिनाथ लिहायचे थांबले. मी मागे वळलेसुद्धा नाही. हात वर करून बाबांना खुणावलं, थांबा, आणि मल्लिनाथांना म्हटलं, "लिहा तुम्ही."

येऊ नकोस सोमवारी. किंवा ये. मी खरं तेच सांगणार आहे.

तुझी म्हणवून घ्यायचं की नाही हे आता तूच ठरव,
मनस्विनी