न्हाणीतली पावलं आणि तीन बाटल्या

आमच्या ओळंब्यास, म्हणजे धाकट्या गवंडीबुवास, थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद.

मी कोण हे आधी सांगते, कारण तुझ्या लक्षात असेलच अशी खात्री नाही. मी तुझी बहीण. तुझ्याआधी सहा वर्षं जगात आले ती तू विसरलेल्या वस्तू जपून ठेवायलाच. अठ्ठावीस वर्षांपूर्वी आमच्या न्हाणीत दगडी फरशी बसवून गेलास, तेव्हा तुझी पाणसळ खिडकीत राहिली. ती तिथेच आहे. तिच्यातला बुडबुडा अजून मधोमध उभा आहे, म्हणजे या घरात सरळ अशी एक तरी वस्तू उरली.

तुझा गुडघा कसा आहे? डोक्याची चौकशी मी सोडून दिली, गुडघ्याची अजून करते. माझं म्हणशील तर दात सगळे गेले, कान दोन्ही शाबूत आहेत, त्यामुळे चावता काही येत नाही पण ऐकून सगळं घ्यावं लागतं. पत्र नात लिहिते आहे. मला अक्षर नाही, तेव्हा ती कागदावर काय उतरवते ते तिलाच ठाऊक. मी दोनदा वाचून दाखवायला लावते आणि दोन्ही वेळा सारखंच आलं तर खरं धरते. (आत्ता हसली. हसलीस तेही लिही म्हटलं.)

आता कामाचं. पाणसळीखेरीज तू आणखी एक गोष्ट विसरलास. फरशी बसवून झाल्यावर म्हणाला होतास, दगड नीट सुकू दे, मग येऊन त्याला औषध मारतो, म्हणजे तो तेलपाणी पिणार नाही. दगड सुकला, तू काही आला नाहीस. मग तो प्यायला लागला. पहिल्या वर्षी हळद प्यायला, मग सुनेचं केसांचं औषध, आणि रोज सकाळी तुझ्या भावोजींच्या पायांचं तेल. यांचा जन्म जोडे शिवण्यात गेला. दुसऱ्यांच्या पायांचं पाहून पाहून स्वतःच्या पायांचं फार कौतुक. नळासमोर उभं राहायचं, एका हातातला कच्चा पेरू कराकरा चावत दुसऱ्या हाताने तळव्यांना तेल चोपडायचं, ते भिंतीकडे तोंड करून, त्याच दोन लाद्यांवर, पंचवीस वर्षं. हे जाऊन तीन वर्षं झाली. पावलं आहेत. काळसर, पाचही बोटांसकट, डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली, यांची चढायची तशीच. फरशी कोरडी असली की दिसतात, आणि ओली झाली की सगळा दगड काळा पडतो तेव्हा लपतात. मी आंघोळीला गेले की आधी बाजूला सरून उभी राहते. (नातीला हे नवीन होतं. लेखणी थांबली.)

तर सुनेने न्हाणी नवी करायचं काढलं. दगड चांगला आहे, तो ठेवू, पण डाग काढून त्याला सीलर, म्हणजे तुझं ते राहिलेलं औषध, लावू असं ठरलं. फरशीवाला आला. माणूस बरा आहे, पण दगडाशी जितकं बोलतो तितकं माणसांशी बोलत नाही. त्याने चमच्याने जागोजागी पाण्याचे थेंब ठेवले आणि घड्याळ लावून बसला. थेंब मोत्यासारखा वर राहिला तर दगड बंद, आत जिरून काळा डाग पडला तर दगड तहानलेला. सगळी न्हाणी तहानलेली निघाली. फक्त त्या दोन पावलांवर थेंब तसाच उभा. तेलाने जागा बुजली आहे, म्हणाला. मी मनात म्हटलं, जिवंतपणी तरी हे कुठे कोणाला आत घेत होते.

मग एका सुट्या लादीवर त्याने तीन बाटल्यांचे नमुने काढून दाखवले. पहिलं वर थर धरतं, दुधावर साय धरते तसं. चकाकी छान, पण पाय घसरतो, आणि खालचा ओलावा वर यायला वाट राहत नाही म्हणून काही दिवसांनी थर फुगून पापुद्रे सुटतात. दुसरं आत मुरतं, वरून काही लावलंय असं वाटतच नाही, दगडाचा श्वास चालू राहतो. तिसरंही मुरतं, पण दगड कायम नुकताच भिजल्यासारखा गडद दिसतो. मुलाला पहिलं आवडलं, सुनेला तिसरं, फरशीवाला म्हणाला दुसरं घ्या. मला विचारलं तेव्हा मी म्हटलं, तुम्हाला हवं तसं करा. म्हातारं माणूस असं म्हणतं तेव्हा काय म्हणतं, हे या घरात कोणाला कळत नाही. कारण कुठलंही घेतलं तरी आधी डागांवर भुकटीचा लेप थापायचा, तो तेल ओढून घेणार, मग खरवडून टाकायचा. म्हणजे पावलं आधी जाणार, बाटली मागून येणार.

इथवर ठीक होतं. पुढचं वाचताना पाठ भिंतीला टेकवून बस. थेंब ठेवून फरशीवाला गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सून आंघोळीला शिरली आणि तशीच बाहेर आली. नळासमोरच्या पावलांच्या मागे एक तिसरं उमटलं होतं. दाराकडे वळलेलं. दोन दिवसांनी त्याच्यापुढे चौथं. नातीने फीत लावून मोजलं, तेवढ्याच लांबीचं भरलं. मुलगा म्हणतो, तेल दगडातून सरकतं. सरकत असेल बाबा, पण तेल असं वळून दाराकडे निघालेलं मी कधी पाहिलं नाही. फरशीवाल्याने चौथ्यावर लेप थापून पाहिला. सकाळी लेप वाळून पोपडा होऊन बाजूला पडला होता आणि पाऊल तिथेच. त्या दिवशी तो दगडाशीसुद्धा बोलला नाही. सून आता दार उघडं ठेवून, मोठ्याने गाणी म्हणत आंघोळ करते. तिचा गळा तुला ठाऊक आहे, तेव्हा पावलांचं सोड, आम्हाला दुसरीच भीती बसली आहे.

सगळ्यांचं एकमत इतकंच झालं की फरशी मामांनी बसवली, तर मामा लिहितील तसं करायचं. पहिलं, दुसरं की तिसरं, ते कळव. सगळ्यांना आशीर्वाद. गुडघ्याला शेक घेत जा.

ता.क. फरशीवाला येत्या गुरुवारी पुन्हा येणार आहे. उत्तर त्याआधी पोचू दे. लिहून खिशात ठेवून विसरू नकोस.

आणखी ता.क. अक्षर बदललं असेल. हे शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंकडून लिहून घेते आहे. त्यांच्या तोंडात दिवसभर टाचण्या असतात, म्हणून गुपित सांगायला बऱ्या. तिसरं आणि चौथं पाऊल माझं. यांच्या सामानात यांच्याच पायाच्या मापाचं लाकडी पाऊल आहे ना, जोडा बेतायचं, त्याला तेल लावून दुपारी सगळे कामावर गेले की उमटवलं. लेप पडला तेव्हा पहाटे सगळ्यांच्या आधी उठून पुन्हा उमटवलं. लाकडी पावलाला बोटं नसतात, पण घाबरलेलं माणूस बोटं मोजत नाही. वाटलं, घाबरतील आणि न्हाणीचं राहू देतील. ते काही होत नाही, उलट सून आता गुरुवारची वाट बघते आहे. तेव्हा बाटली कुठली ते लिहूच नकोस. लिही की हा जुना दगड आहे, याला आणखी काही वर्षं हात लावायचा नाही. तू विसरलास म्हणून हे राहिले. उरलेल्या दिवसांपुरतं आणखी एकदा विसर.

शेवटचं. पत्र बंद करायच्या आधी बाईंना परत बोलावलं. आज दुपारी पाचवं उमटवायला लाकूड आणि तेलाची वाटी घेऊन गेले, तर पाचवं आधीच होतं. उंबऱ्याला लागून, माझ्या खोलीच्या दिशेने. डावं. पाच बोटं, करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली. मी खाली बसून हात लावला. थंड होतं, आणि माझ्या बोटाला तेल लागलं. लाकूड होतं तिथे ठेवून आले. (बाईंनी टाचण्या तोंडातून काढून ठेवल्या आहेत.) घरात कोणाला काही बोलले नाही, आणि तूही बोलू नकोस. वर सांगितलं तेवढं पत्र मात्र नक्की धाड.

आणि तुझ्या परसातले पेरू पाठव. पिकलेले, मऊ, माझ्यासाठी. चार-पाच कच्चे टणकही घाल. माझ्या तोंडात दात नाहीत हे तुझ्या लक्षात असेल, तेव्हा ते कोणासाठी हे विचारू नकोस.