आईचं परतीचं तिकीट

अण्णा,

आई मेक्सिकोला चालली आहे. मीही जाते आहे, पण माझ्या जाण्याचं विशेष नाही. तुम्ही असता तर पहिला प्रश्न विचारला असता, "बेत कोणी केला आणि तपासला कोणी?" बेत तुमच्या मुलानं केला, तपासला मी. तपासताना जे सापडलं ते सांगावं असं दुसरं कोणी माणूस मला आठवत नाही, म्हणून बारा वर्षांनी तुम्हाला लिहायला बसले आहे.

तुम्ही गेलात तेव्हा तो बारावीत होता. पुढे इंजिनिअर झाला, अंबडच्या एका कारखान्यात लागला आणि त्या लोकांनी दोन वर्षांपूर्वी त्याला मेक्सिकोतल्या केरेतारो नावाच्या शहरात पाठवलं. दोन वर्षांत त्यानं कधी "या" म्हटलं नाही. आणि या फेब्रुवारीत अचानक ईमेल आली, चांगली दोन पानांची. मे महिन्यात वीस दिवसांची रजा काढून तू आईला घेऊन ये, आधी मेक्सिको सिटीत चार दिवस, मग बसनं पुएब्ला, तिथून वाहाका, शेवटी माझ्या घरी. सोबत निळ्या-पिवळ्या घरांचे फोटो. जो मुलगा दिवाळीच्या फोनवर "बरं ठेवतो" सोडून काही बोलत नाही, त्याला आईला रंगीत घरं दाखवावीशी का वाटली? मी फोटो दोनदा बघितले, ईमेल चारदा वाचली आणि मनात म्हटलं, इथं कुठंतरी पाणी मुरतंय. तुमचीच मुलगी मी.

तुमच्या खात्याचा नियम मला अजून पाठ आहे. ओझरच्या विमान कारखान्यात तुम्ही तपासनीस. दुसऱ्यानं बसवलेला रिव्हेट तुम्ही बघणार, बोट फिरवणार, आरसा धरून मागची बाजू बघणार आणि मगच आपला शिक्का मारणार. ज्यानं काम केलं त्यानं शिक्का मारायचा नाही, मग तो कितीही कसबी असो. तुम्ही हे अभिमानानं सांगायचात आणि त्यात खोटं काही नव्हतं, वर आकाशात माणसं बसलेली असतात. फक्त हा नियम तुम्ही संध्याकाळच्या बसमधून वसाहतीतल्या आपल्या क्वार्टरमध्येही घेऊन यायचात. आईनं गॅस बंद केला की तुम्ही उठून बटणाला हात लावून बघणार. तिनं कडी लावली की तुम्ही ती हलवून बघणार. ओरडणं नाही, शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. नुसतं मागून जाऊन बघणं. शेजारणी आईला म्हणायच्या, "तुमचे किती काळजी घेतात हो!" आई हसायची.

उटीच्या सहलीची तयारी आठवते? मी दहावीची परीक्षा दिली होती तो मे महिना. बंगलोर, म्हैसूर, उटी. तुम्ही आलेखाच्या कागदावर तक्ता आखला होता, गाडीची वेळ, पोचायची वेळ, चुकली तर पुढची गाडी, आणि शेवटच्या रकान्यात 'तपासलं'. बॅगा आई भरणार आणि तपासून सही मी करणार, असं तुम्ही ठरवलंत. मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं! मी पुढच्या खोलीत सतरंजी अंथरते, आईनं दोन दिवस खपून भरलेली बॅग त्यावर पालथी करते आणि यादी घेऊन एकेक वस्तू बाजूला ठेवते. आईच्या दोन साड्यांच्या घडीत एक काळा गॉगल निघतो. नवा, कागदात गुंडाळलेला. मी ओरडते, "अण्णा, हा यादीत नाही!" तुम्ही येता, गॉगल उलटासुलटा करून बघता आणि आईला विचारता, "कोणी दिला?" आई म्हणते, "मीच घेतला. उन्हाचा." तुम्ही एवढंच म्हणता, "तुटेल प्रवासात," आणि तो कपाटात ठेवून देता. मी सही करते. उटीच्या फोटोत आई सगळीकडे डोळे बारीक करून उभी आहे.

तर मेक्सिको. मी तुमच्याच पद्धतीनं कामाला लागले. मी आता एका कॉलेजच्या परीक्षा विभागात आहे, गुणपत्रिका पडताळते, माझ्या टेबलावरून चूक सुटत नाही. (लग्न झालं नाही. आलेली स्थळं मी इतकी तपासली की ती यायचीच थांबली.) पुएब्ला ते वाहाका बस किती तासांची, घाट आहे का, मेअखेर तिकडे ऊन किती, सगळं त्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, आपल्यासारखंच. दुपारपर्यंत तापतं, चारला वळीव येतो." वाहाकात तीन दिवस कशाला, असं विचारल्यावर म्हणाला, "आईला बाजार आवडेल." हे उत्तर मला पटलं नाही. आईला बाजार आवडतो हे याला कुणी सांगितलं? माझा संशय एका मुलीवर गेला. तिकडची कोणी पसंत केली असणार आणि मेक्सिको दाखवायच्या नावाखाली आईला आधी गोड करून घ्यायचं असणार.

मग आईकडे लक्ष ठेवायला लागले. पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आला होता, त्यानं चहा घेतला आणि तीन प्रश्न विचारून गेला. मी आत गेल्यावर आई शेजारच्या काकूंना म्हणाली, "हिच्यापेक्षा पोलीस बरा." मला ते ऐकू आलं. तिनं सहा ब्लाउज शिवायला टाकले. वीस दिवसांना सहा? एप्रिल उजाडला तरी लोणच्याच्या कैऱ्यांचं नाव काढलं नाही. मखमलाबादच्या मळेकऱ्याची मुलगी ती, आयुष्यात एक उन्हाळा तिनं लोणच्यावाचून जाऊ दिला नव्हता. आणि एक दिवस मी कामावरून आले तर खिडकीतली तुळस नाही. काकूंना देऊन टाकली म्हणाली. वीस दिवस पाणी घालायला सांगणं वेगळं, देऊन टाकणं वेगळं. मी विचारलं तर म्हणाली, "त्यांच्याकडं ऊन चांगलं हाय." आणि गेली आत.

मग व्हिसासाठी त्याचं निमंत्रणाचं पत्र आलं. आमच्या दोघींचं मिळून एकच, स्पॅनिशमध्ये. एक अक्षर कळेना, पण आकडे कोणत्याही भाषेत आकडेच. माझ्या नावापुढे वीस आणि आईच्या नावापुढे एकशे ऐंशी. मी बोट ठेवून पुन्हा वाचलं. सापडलं! अण्णा, खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला आनंद झाला. दोन महिने पाणी मुरत होतं ती भेग हीच. मी लगेच निष्कर्ष काढला की याला तिथं पोळ्या लाटायला माणूस हवं आहे आणि आई ही अशी, कुणाला नाही म्हणता येत नाही तिला. त्याच दुपारी कॉलेज रोडवरच्या एजंटाकडे गेले आणि दोघींचं परतीचं आरक्षण एकाच दिवसाचं करून घेतलं, विसाव्या. आईला न विचारता, न सांगता. मग घरी येऊन त्याला फोन लावला. तिकडे पहाट होती. मी बोलत सुटले, आईला मोलकरीण करायला नेतोस का, लाज नाही वाटत, वगैरे. त्यानं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, आईला विचार." "तू सांग." "मी नाही सांगणार. आईला विचार."

आई स्वयंपाकघरात गवार मोडत बसली होती. मी समोर बसले. म्हटलं, "एकशे ऐंशी दिवस म्हणजे किती, माहीत आहे का तुला?"

"सहा महिने," ती म्हणाली. वर बघितलंसुद्धा नाही.

"त्यानं कधी भरवलं हे तुझ्या डोक्यात?"

"त्यानं नाय. मीच सांगितलं त्याला. दिवाळीतच सांगितलं. त्याला बोल नको लावू. तो तर म्हणत होता, ताईला आधी सांग."

"मग का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू तपासलं असतंस."

मी म्हटलं, त्यात तपासायचं काय? तेव्हा तिनं गवार बाजूला ठेवली. "कुठं दुखतंय, कधीपासून दुखतंय, कोणाशी बोलले, समदं. तू लय चांगली हायेस बाई. माझ्या औषधाची गोळी तू कधी चुकू दिली नाय. पण मी गॅस बंद केला की मागून पाऊल वाजतंच. तेवीस वर्षं ह्यांचं वाजलं, बारा वर्षं तुझं. मी काय म्हणते, मी बंद केलेला गॅस बंदच हाय, असं धरून कोणी चाललं तर काय होईल? पोराला मागून बघायची सवय नाय, आणि तो कामाला गेला की दिवसभर घरात मी एकटी. मला बघायचंय तसं राहून."

"आणि तिकडे भाषा येत नाही, माणूस नाही ओळखीचं, काय करशील?"

"मिरची हाय तिकडं, मक्याची भाकर हाय. बाकी बघेल मी." मग गवार पुन्हा पुढ्यात ओढून, शेंगेची शीर काढता काढता म्हणाली, "तुला राग आला ना?"

आला. चांगलाच आला. मी तिच्याशी तीन दिवस धड बोलले नाही. नोकरी सांभाळून हिचं पथ्यपाणी बघितलं, दवाखान्याच्या रांगा केल्या आणि हिला माझ्यापासूनच सुट्टी हवी! माझ्यापासून, अण्णा. त्याच्याकडे जायचं नव्हतं तिला, इथून निघायचं होतं. याही बाबतीत मला आधी वाटलं की ती खरं सांगत नसावी, मुलाला पाठीशी घालत असावी. ते तीन दिवस मी तिच्या बोलण्यात फट शोधत होते. फट सापडली नाही. चौथ्या दिवशी ती आंघोळीला गेली असताना मी स्वयंपाकघरात गेले आणि माझा हात आपोआप गॅसच्या बटणावर गेला. बंद होता. मी आठवून बघितलं, पण या बारा वर्षांत तो एकदाही चालू राहिलेला मला आठवला नाही. तुमच्या वेळीही नसावा, असता तर तुम्ही आम्हाला जन्मभर सांगितलं असतं.

काल सुटीच्या वेळात एजंटाकडे जाऊन आईचं परतीचं आरक्षण नोव्हेंबरचं करून आले. तो म्हणाला, "मॅडम, आजी एकट्या येतील?" मी म्हटलं, येतील. घरी येऊन आईला तिकीट दाखवलं. तिनं चष्मा लावून तारीख वाचली, मग मोठ्यानं पुन्हा वाचली आणि तिकीट स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. आधी विसाव्या दिवसाचं काढलं होतं हे मी तिला बोलले नाही. तिनं विचारलंही नाही, पण तिला कळलं असावं. तिला नेहमीच कळत होतं, असं आता वाटतं.

हे पत्र जाणार कुठं? तुमच्या फोटोमागे खोचून ठेवलं तर आई धूळ पुसताना वाचेल आणि तिनं वाचू नये असं यात एक आहे. तिच्यावर माझा विश्वास बसला तो तिच्या बोलण्यानं नाही, मला स्वतःचंच एक आठवलं म्हणून. मी कॉलेजात जायला लागल्यापासून तुम्ही रोज संध्याकाळी माझी पर्स उघडून बघायचात. आत काही नसायचं. तुम्ही गेलात, तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले आणि पर्स दारातल्या खुर्चीवर तशीच टाकून आत गेले, चेन उघडी ठेवून. रात्रभर ती तिथंच होती, कुणी हात लावला नाही. मला इतकं मोकळं वाटलं, अण्णा, की मी झोपेपर्यंत रडलेच नाही. सकाळी उठल्यावर त्या मोकळं वाटण्याची भयंकर लाज वाटली, तुमच्याशी काहीतरी दगाफटका केल्यासारखी. आई चहा करून गॅस बंद करून वळली, आणि मी उठून गेले आणि पहिल्यांदाच बटणाला हात लावून बघितलं.