विझव्यांची पोर

वर्धा, ८ मार्च १९५४

चि. आनंदरावास अक्काचे आशीर्वाद. इकडे क्षेम.

आडनाव बदलण्याचा अर्ज तू वकिलाकडून लिहवून घेतलास, हे फेरीवाल्या मोतीलालकडून कळले, म्हणून हे पत्र. नाहीतर परीक्षेच्या दिवसांत मला सवड नव्हती. तुझ्या सुंदरासाठी पाहिलेल्या मुलाची आजी, म्हणजे कारंज्याच्या रूपरावांची आई पंचफुलाबाई म्हणते, विझव्यांची पोर सून म्हणून आली तर कुळाचा दिवा विझेल. आणि तेवढ्यावर तू आर्वीकर व्हायला निघालास. अर्ज थांबव. सुट्टी लागताच मी हिंगणीला जाते. आपली मूळ घरे तिथलीच.

सुंदराला मुलगा पसंत आहे ना, तेवढे कळव. उत्तराला उशीर केलास तर मी स्वतः येईन.

तुझी अक्का,
अनुसया विझवे

आर्वी, १३ मार्च

ती. अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

अर्ज दिला नाही, खिशात आहे. पोरगी हो म्हणते, पण धड जेवत नाही. तिची माय म्हणते, नाव काय चाटायचे आहे, लेक उजवली पाहिजे. रूपराव अक्षय्य तृतीयेपर्यंत थांबतील, मग दुसरी मुलगी पाहतील. तुला कॉलेजात शिकवताना या नावावरून कोणी हसले नसेल, तुझ्यासमोर हसायची छाती कोणाची? इथे बाजारात रोज ऐकावे लागते.

कारंज्याला गेलीस तर म्हातारीशी भांडजो नको. माझ्यावरचा राग उतरला की माया पूर्वीइतकीच ठेव.

तुझा आनंदा

कारंजा, २५ एप्रिल

चि. आनंदरावास आशीर्वाद.

अर्ज चुलीत घाल.

हिंगणीत आपली सगळी घरे जंगलाच्या कडेला आहेत. कारंज्याच्या बाजूला आणखी दोन-तीन गावांत विझवे निघाले, तेही डोंगरालगतच. कपाशीच्या काळ्या रानात तुझ्याखेरीज एकही नाही. हिंगणीच्या तानाबाई काकूने कारण सांगितले. उन्हाळ्यात वणवा उठला की पळसाच्या ओल्या फांद्या घेऊन धावायचे ते आपले वाडवडील. त्यावरून नाव पडले.

तशीच इथे आले. पंचफुलाबाई ऐकेनात. आग काय अन् दिवा काय, विझवणे ते विझवणेच, म्हणाल्या. मी भांडले नाही. रात्री निजताना सुनेला काय सांगता, एवढेच विचारले. म्हणाल्या, दिवा मालव म्हणतो. मी म्हटले, विझव का म्हणत नाही? तशा माझ्यावरच डाफरल्या, की एवढी शिकलेली बाई अन् दिव्याले विझव काऊन म्हणते, विझवतात ते आगीले.

आधी रूपराव हसले, मग सुना पदराआड, शेवटी म्हातारी. सुपारी कातरता कातरता म्हणाल्या, आमची वैरण दर उन्हाळ्यात जळते, विझव्यांची पोर कामाचीच निघाली.

साक्षगंध अक्षय्य तृतीयेला. लग्नपत्रिकेवर आडनाव ठळक छापायचे. तुझ्या बायकोला आशीर्वाद. माझ्यावर लोभ असेल तर बाजारात मान वर करून चाल.

दिले-घेतले: माझ्याकडून रूपरावांच्या हाती नारळ व हळदकुंकू. पंचफुलाबाईंकडून सुंदरासाठी एक हिरवे लुगडे आणि त्यांच्या हातातले चांदीचे गोट; दोन्ही मोतीलालबरोबर पाठवले आहेत. पोच सुंदराने द्यावी. खाली सही सुंदरा आनंदराव विझवे अशी पूर्ण हवी. ती करायला तिला थोडेच दिवस उरले आहेत.

अनुसया विझवे