नवाबाचं जेवण

६ नोव्हेंबर
परभणीहून हर्सूलला पोचले. लेकीचं घर ऐसपैस, तलावाकडून वारा येतो. प्रेरणाची रजा संपली, आता नात माझ्याकडे. गुटगुटीत आहे. काजळ घरीच पाडून आणलंय. आल्या आल्या तिच्या गालावर ठसठशीत तीट लावली. प्रेरणा हसली. हसू दे.

७ नोव्हेंबर
जावयांनी सरडा पाळलाय. परदेशी, शेपटीसकट पाळण्याहून लांब. नाव नवाब. बैठकीत त्याची काचेची पेटी. खायला कोंबडीची जिवंत पिल्लं. सुदर्शनरावांनी हौसेनं दाखवलं. पिल्लाच्या डोक्यावर मार्करनं काळा ठिपका द्यायचा. ठिपका दिसला की नवाब झडप घालतो, एरवी हातालाही शिवत नाही. सवयच लावलीय म्हणे. पिल्लू ओरडत होतं आणि हे मोबाइलवर शूटिंग करत होते. मी तोंडावर सांगितलं, ही हौस नाही, विकृती आहे. ते म्हणाले, आई, तुम्ही वाघालाही वरणभात वाढाल.
वाढेन.

९ नोव्हेंबर
उरलेली पिल्लं भांडीवाल्या मालनबाईला देऊन टाकली. ती म्हणाली, आक्का, त्याला लई भूक लागली तर ते काय करंल? म्हटलं, उकडलेली अंडी खाईल. जावई चिडले, मीही चिडले. तान्ह्या मुलाच्या घरात कसाईखाना चालणार नाही. प्रेरणा मान खाली घालून जेवत राहिली. तिचा जास्त राग आला.

१२ नोव्हेंबर
अंड्यांना तोंड लावत नाही. काचेला नाक टेकवून पाळण्याकडे बघत बसतो. पाळणा हलला की मानही हलते. मेल्याची नजर वाईट. तीट आणखी मोठी केली.

१४ नोव्हेंबर
दोघं दौलताबादला लग्नाला गेलेत. जाताना जावई म्हणाले, पेटीची खिटी नीट लावा. मला शिकवतात. संतापानं अंडी आत फेकली, काच आपटली, स्वयंपाकघरातून पोरीचं दूध आणायला गेले.
आले तर पेटी रिकामी.

नंतर
पोरीला उचलून आतल्या खोलीत आले, दार लावलं. फोन बैठकीतच. खरवडल्याचा आवाज येतोय — दाराशी असेल —
दाराशी नाही. कपाटाखाली. माझ्या आधीच तो इथं —
बाहेर आलाय. तिच्या गालाकडे बघतोय. गालाकडेच.
ठिपका. मीच लावते. रोज.
बोटानं पुसला. सगळा. पोर खांद्यावर, गाल स्वच्छ. आता तिच्याकडे बघत नाही.
बोट काळं झालंय. लिहिताना ते पेनाबरोबर हलतं, आणि त्याची मानही —